बटाटा, नग एक

परत आल्याच्या चौथ्या दिवशी
समाजमंदिरात बचत गटाची मीटिंग.
सतरंजीवर चौदा जणी
अन् मधात माही वही.
आठ दिवसाचा परदेशातला जेवणाखर्च,
उजव्या हाताले फ्रँक, डाव्या हाताले रुपये.

देशी कापसाच्या बियाईच्या सभेले
गटानं मलेच धाडलं,
काहून का हिशोब माह्याकडं असते.
जेवाले दिवसाचे चाळीस फ्रँक देत होते ते लोकं.
वाचले तर गटाचे,
असं निंघतानीच ठरलं होतं.

एक फ्रँक म्हणजे शंभराच्या वर काहीतरी.
म्या शंभरच धरला.
वरचे सोडून देल्ले,
नाहीतर घास उतरला नसता.

बॅगेत काय होतं ते साऱ्याईले ठावं हाय.
पंचफुलाचं येसर, बेबीनंदाची जवसाची चटणी,
ठेचा तीन पिशव्यात गुंडायेल,
तरी नागपूरच्या विमानतळावर
तपासणारा पोरगा दोनदा शिंकला.

खोलीत पाणी तापवाची किटली.
तिच्यात येसर शिजते.
पुढच्या खेपेले कोणी गेलं तर ध्यानात ठेवा,
खिडकी उघडी पायजे,
नाहीतर शेजारची गोरी बाई दार वाजवते.
वाजवलं तिनं.
म्या वाटीभर देलं.
तिनं खाल्लं, डोये पुसले,
अन् अर्धा पाव आणून देला.
तो पाव जमेच्या बाजूले हाय, पाहा, ओळ सहा.

पाण्याची बाटली चार फ्रँक.
अन् रस्त्यावर दगडी हौद,
तोटीतून रात्रंदिवस पाणी वाहते,
पेवाचंच पाणी, फुकट.
हे मले दोन बाटल्या घेतल्यावर समजलं.
ते आठशे माह्या नावावर टाका.

दुकान बंद व्हाच्या आधी
उरल्यासुरल्यावर लाल चिठ्ठ्या चिकटवते, अर्धा भाव.
पावणेसातले मी तिथं हजर,
गिरडचा बाजार उठतानी
आपण भेदरं घ्याले थांबतो तशी.
उकडेल अंडे रंगवून इकतात, लाल, निये.
एक अंडं, एक फ्रँक.
त्या रात्री मी आपल्या कोंबड्याईचाच विचार करत झोपली.

कॉफी साडेपाच.
म्हणजे दोन दिवसाचं निंदन अन् वर पन्नास.
कप माचीसच्या पेटीएवढा.
पेली नाही.
दारात उभं राहून वास घेतला.

इथपावतर कोणी काही बोललं नाही.
मंग पंचफुलाचं बोट खालच्या ओळीवर थांबलं.
तिले अक्षर येत नाही, आकडे समजते.
"हे चोवीसशे कायचे वं?"

वहीत लिहेल होतं: बटाटा, नग एक.

"किती मणाचा होता?" बेबीनंदा म्हणे.
साऱ्या हासल्या. मीबी हासली.
मंग सांगतलं.

सहाव्या दिवशी ठेचा सरला.
सभेत माहा कागद वाचून झाल्ता,
टाया वाजल्या,
लोकं आपापल्या गाडीनं गेले,
अन् मी थंडीत, हात काखेत घालून,
एका हाटेलाच्या काचेतून पाहून राह्यली होती:
किसून तव्यावर खरपूस लावेल बटाटा,
आपल्या थालीपीठावानीच, वाफ निंघत.
गुणाकार सुरू केला.
चोवीस गुणिले,
पुढचा आकडा डोक्यात आलाच नाही.
दार लोटलं अन् बसली.
खुर्चीवर, एकटी.
काटा बाजूले ठेवला, हातानं खाल्लं,
ताट पुसून खाल्लं.
कोणाले वाढाचं नव्हतं.
कोणाच्या मागून जेवाचं नव्हतं.

समाजमंदिरात कोणी बोलेना.
बाहेर हापशीवर कोणीतरी फवारणीचा पंप धुऊन राह्यला होता.
तानाबाईचा अडकित्ता थांबला.
म्या वाचलेल्या पैशाचं पाकीट सतरंजीवर ठेवलं,
ते कोणी मोजलं नाही.

पंचफुलानं ती ओळ
पुन्हा एकदा बोटानं चाचपली.
"कसा लागला?"

म्या म्हणलं, मीठ कमी होतं.

साऱ्याईले बरं वाटलं.